दोनशे छप्पन्न भोई

खरा कलावंत दाद मागत नाही. कृती पूर्ण झाली की त्याचे समाधान तिथेच पुरे होते, मग जग पाहो न पाहो. हे मत त्रिविक्रमरावांनी दोन वर्षे घरी, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आणि नाचियारकोविलच्या बसमध्ये अनेकांना ऐकवले, कारण त्यांची कृती शेवटपर्यंत पाहायला अजून कोणी तयार झाले नव्हते.

त्रिविक्रमराव कुंभकोणमच्या एका खाजगी कॉलेजात गणित शिकवत. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या दरबारात हिशेब लिहायला आले, आणि तेव्हापासून घराण्यात आकडा चुकलेला नाही, अशी घरातली समजूत होती. घरात जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीपासून तिसरी एक भाषा, जी घरात एकट्या त्रिविक्रमरावांनाच येत होती. त्या दिवाळीला त्यांच्या पत्नी पंकजाबाईंच्या मद्रासच्या भावाने, रघूत्तमाने, मेहुण्याला धोतरजोडीऐवजी एक काळा डबा दिला. सिंगापूरहून आणलेला कॉम्प्युटर. आकार पुस्तकाएवढा, बटणे रबराची, जोडायचा घरच्या टीव्हीला, आणि प्रोग्रॅम चढवायचा तो कॅसेटवरून. आपल्या मुलांना त्याचा कंटाळा आला होता, हे रघूत्तमाने सांगितले नाही.

डब्यात एक सोपी भाषा आयतीच होती. ती पोराटोरांसाठी, असे ठरवून त्रिविक्रमराव थेट मशीनच्या भाषेला भिडले. त्या भाषेत प्रत्येक आकड्याला किती जागा द्यायची तेही आपणच सांगावे लागते. याचा त्यांना फार अभिमान होता.

खेळाचा विषय गावाजवळच होता. नाचियारकोविलला दगडाचा गरुड आहे. मार्गशीर्षाच्या सुमारास येणाऱ्या मार्गळी महिन्यातल्या उत्सवात तो आपल्या जागेवरून निघतो तेव्हा चार भोई त्याला उचलतात. पण जसजसा बाहेर येतो तसतसा जड होतो. पुढच्या टप्प्याला आठ भोई लागतात, मग सोळा, बत्तीस, चौसष्ट, आणि शेवटी एकशे अठ्ठावीस. परतताना तसाच हलका होत जातो. गणिताच्या प्राध्यापकाने आयुष्यभर या उत्सवाकडे नुसते हात जोडून पाहिले होते. आता एकाएकी उमगले की देवाने हा खेळ कॉम्प्युटरसाठीच रचून ठेवला आहे.

खेळ असा: पडद्यावर गरुड डावीउजवीकडे कलतो, दोन बटणांनी त्याला सावरायचे. प्रत्येक दारात भोई दुप्पट, वजनही दुप्पट. वाटेत गाय, छत्र्या, फुटलेल्या नारळाचे पाणी. तोल गेला की परत चार भोयांपासून सुरुवात. परंपरा एकशे अठ्ठावीसवर थांबते, ते त्रिविक्रमरावांना जरा आखूड वाटले. त्यांनी आपल्या पदरचे आणखी एक वळण घातले, दोनशे छप्पन्न भोयांचे, आणि त्यापुढे मंडप.

मंडपात गरुड पोचला की मल्लारी वाजणार होती. देवाची स्वारी निघताना नादस्वरावर, तिकडच्या लांब सनईवर, वाजते ती. खरे म्हणजे सगळा खेळ तिच्यासाठीच होता. डब्याला आवाज एकच, तोही गंजलेल्या कडीसारखा. एका वेळी एक स्वर, सरळसोट. गमक हवे तर दोन स्वर इतके भराभर आलटून पालटून वाजवायचे की कानाला झोका वाटावा. आठ महिने त्रिविक्रमराव देवाच्या मिरवणुकींमागे टेपरेकॉर्डर घेऊन हिंडले आणि घरी येऊन स्वर आकड्यांत उतरवत राहिले. पहिल्या संध्याकाळी पंकजाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले, "अहो, घागरींत डांस अडकला कीं काय?" तेव्हा त्यांनी डब्यातला स्पीकर काढून ट्रान्झिस्टरचा इअरफोन जोडला. त्यामुळे मल्लारी त्यांच्याखेरीज कोणीही ऐकलेली नव्हती. दोनशे छप्पन्न स्वर, प्रत्येक भोयामागे एक. जितके भोई मंडपात पोचतील तितके स्वर वाजायचे. ही कल्पना त्यांना इतकी आवडली होती की तिच्याबद्दल बोलताना ते चष्मा काढत.

आता हवा होता फक्त एक माणूस. खेळ शेवटापर्यंत खेळून ती मल्लारी ऐकणारा एक माणूस. नुसती वाजवून दाखवता आली असती, पण मग ती कमावलेली राहिली नसती. स्वतः त्रिविक्रमराव चौसष्ट भोयांपुढे कधी गेले नाहीत. मधूनच शेवटावर उडी मारून खेळ तपासता आला असता, पण ते त्यांना प्रश्नपत्रिका आधी पाहण्यासारखे वाटे. कॉलेजातले चंद्रमौळी, तमिळचे प्राध्यापक, एकदा खेळायला आले, सोळापर्यंत गेले आणि म्हणाले, "सार, गरुडाला पंख आहेत ना? मग उचलायचा कशाला?" पंकजाबाई आठावर उठल्या, कारण भात लागला होता.

नव्वद सालच्या मार्गळीत पंकजाबाईंची आई, वेंकटलक्ष्मी, नाचियारकोविलहून लेकीकडे आली. गुडघा धरला होता. वैद्याने तेल आणि विश्रांती सांगितली, म्हणजे यंदा गरुडाच्या गर्दीत उभे राहणे नाही. आयुष्यात पहिल्यांदाच चुकणार होते. ती टीव्हीसमोर पाय लांब करून बसली आणि जावयाच्या पडद्यावर काहीतरी हललेले तिला दिसले.

"हें काय?"

"गरुड, अत्ते," त्रिविक्रमराव सासूला म्हणाले. "आपल्या गांवचा."

"मग चोंच कोठें?"

"चित्राला चौकटी आठच, त्यांत चोंच बसत नाही."

"हूं," ती म्हणाली. "मज शिकवा."

दुसऱ्या दिवशी ती न्हाऊन, सोवळे नेसून बसली. रबराला विटाळ नाही, असा निर्णय तिने स्वतःच दिला. दोन बटणे ओळखू यावीत म्हणून त्यांवर कुंकू लावले. ते बटणांच्या आत गेले आणि त्रिविक्रमरावांनी ते चालवून घेतले, कारण दोन वर्षांत शिकवा म्हणणारे हे पहिले गिऱ्हाईक होते. त्यांनी गुपचूप स्पीकर परत जोडला.

म्हातारी घाई करत नव्हती. प्रत्येक दारात ती बोटे उचलून थांबे आणि एक श्लोक म्हणे. तेवढ्यात गरुडाचे कलणे आपोआप शांत होई. खेळ थांबून खेळायचा आहे, हे तो लिहिणाऱ्याला सुचले नव्हते. आठवड्याभरात ती चौसष्टावर पोचली. त्रिविक्रमराव रजेचा अर्ज टाकून घरी राहिले.

"कॉलेजांत काय सांगितलें?" पंकजाबाईंनी विचारले.

"ताप."

"खोटें नाही तें."

त्या शुक्रवारी एकशे अठ्ठावीस झाले. त्रिविक्रमराव खुर्चीच्या कडेवर आले. पुढे त्यांचे स्वतःचे वळण. गरुड वळणावर आला, आणि पडद्यावरचे सगळे भोई नाहीसे झाले. एकही उरला नाही. गरुड मात्र पुढे निघाला. कलला नाही, अडखळला नाही, रिकाम्या रस्त्यावरून एकटाच सरळ मंडपात गेला आणि थांबला. मल्लारी वाजली नाही. काहीच वाजले नाही.

वेंकटलक्ष्मीने हात जोडले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. "पंकजा," ती हलकेच म्हणाली, "पाहिलेंस कां गे? मी जाऊं सकलें नाही म्हणून तोच आला."

त्रिविक्रमरावांना कारण कळायला वेळ लागला नाही. भोयांचा आकडा त्यांनी मशीनच्या एका खणात ठेवला होता. एका खणात दोनशे पंचावन्नपर्यंतच मावते. एकशे अठ्ठाविसाची दुप्पट झाली की खण भरून वाहतो आणि मागे शून्य उरते. शून्य भोई, शून्य वजन, शून्य स्वर. हे ते दर वर्षी वर्गात शिकवत. पोराटोरांची सोपी भाषा वापरली असती तर हे झालेच नसते, हेही त्यांना त्याच क्षणी कळले.

"अत्ते, तें असें आहे," त्यांनी सुरुवात केली, "एका खणांत आकडा..."

"सुम्मा बसा," सासू म्हणाली. तमिळमध्ये याचा अर्थ गप्प बसा.

पुढच्या शनिवारी शेजारच्या धनलक्ष्मी आणि त्रिपुरसुंदरी आल्या, त्यांच्या मागून आणखी बायका. नाचियारकोविलच्या कोणी समईवाल्याने टीव्हीवर ठेवायला पितळी दिवा पाठवला. खोलीत जागा उरली नाही. वेंकटलक्ष्मीने गरुड मंडपात नेला, भोई नाहीसे झाले, सगळ्यांनी देवापुढे टेकतात तशी गालांवर बोटे टेकली. शांतता अशी की दिव्याची वात ऐकू यावी. त्रिविक्रमरावांना ती शांतता दोनशे छप्पन्न स्वरांची भासली.

"हें कोणी केलें?" धनलक्ष्मीने निघताना विचारले.

"त्याणेंच," वेंकटलक्ष्मीने पडद्याकडे बोट दाखवले. "टेप लावतात आमचे जावई."

कलावंताने दाद मागू नये हे ठीक, पण टेप लावणारा म्हणून ओळखले जावे असे कोणी कुठे म्हटलेले नाही. गुरुवारी त्रिविक्रमरावांनी आकड्याला एकाऐवजी दोन खण दिले. काम अर्ध्या तासाचे होते. नवीन खेळ नव्या कॅसेटवर उतरवला. जुनी पुसायला हवी होती, ती राहिली.

शनिवारी बायका पुन्हा जमल्या. या वेळी साक्कोट्टैहूनही दोघी आल्या होत्या, एकीच्या कडेवर तान्हे. त्रिविक्रमरावांनी नवी कॅसेट लावली आणि भिंतीला पाठ टेकून उभे राहिले. सासू एकेका दारात थांबत, श्लोक म्हणत वळणावर आली. भोई दुप्पट झाले. सगळा पडदा सांडलेल्या साखरेवर मुंग्या याव्यात तसा भरला आणि त्या गर्दीत गरुड दिसेना. ढकलत, रेटत मुंग्या मंडपात शिरल्या.

आणि मल्लारी सुरू झाली.

तान्हे रडू लागले. "कोण बोंबलतें?" त्रिपुरसुंदरीने विचारले. "जळतें आहे, जळतें आहे," म्हणत पंकजाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि त्यांनी भिंतीतला प्लग उपटला. पडदा काळा झाला. कॉम्प्युटरच्या डोक्यात होते नव्हते ते सगळे गेले.

"कांही जळत नव्हतें," त्रिविक्रमराव म्हणाले.

"मग तो आवाज कशाचा?"

त्रिविक्रमरावांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

वेंकटलक्ष्मी अजून पडद्याकडेच पाहत होती. "आज तो आला नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो नुसता गुडघा दुखत असल्यासारखा होता. "इतकीं माणसें चढलीं तर कसा येईल? उद्यां मी गांवीं जातें. एक वेळ परत लावा, दर्शन घेऊन जातें."

त्रिविक्रमरावांच्या खिशात दोन कॅसेटी होत्या. नव्या कॅसेटवर खेळ बरोबर होता, मल्लारी पूर्ण होती. तिला हात लावून त्यांनी सासूकडे पाहिले. तिने बटणांवर कुंकू नव्याने लावायला घेतले होते. त्यांनी जुनी बाहेर काढली आणि प्लग परत लावला.

कॅसेटवरून खेळ चढायला पाच मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ टेपरेकॉर्डर पत्रा खरवडल्यासारखा किंचाळत असतो. ती किंचाळी सगळ्या बायकांनी हात जोडून ऐकली. तान्हेही निजले. पुढे सगळे यथासांग झाले, भोई गेले, गरुड आला, वेंकटलक्ष्मीने डोळे पुसले आणि जावयाला म्हणाली, "आज टेप बरी लागली."

मल्लारीत एकूण दोनशे छप्पन्न स्वर आहेत. ऐकले गेले ते नऊ.