जावई कुशीवर पडतो तेव्हा

आमच्याकडे जावयाचे पाय दोरीने बांधतात, दोरीचं दुसरं टोक मोटरसायकलच्या मागच्या दांड्याला अडकवतात आणि त्याला काँक्रीटवरून फरफटत नेतात. जावई काही बोलत नाही. त्याला तोंडच नाही. जाड ताडपत्री शिवून आत रेती ठासलेला, माणसाच्या वजनाचा पुतळा आहे तो. नाव आत्याने ठेवलंय. "जावई म्हणवतो ना, मग आधी मार खाऊन दाखवू दे," असं तिचं म्हणणं.

आत्या मोटरसायकलवाल्यांसाठी चामड्याची जाकिटं शिवते. पुढे दुकान, मध्ये शिलाईची खोली, मागे लांबलचक अंगण. शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथेच. यंदा मी शाळेच्या वादविवादात पहिली आले आणि तेव्हापासून माझं तोंड बंद झालेलं नाही, यावर दोन्ही घरांचं एकमत आहे. आत्या मला टिटवी म्हणते. म्हणू दे. टिटवी ओरडते ते उगाच नाही.

तर आत्याची पद्धत अशी. नवा नमुना शिवला की त्यातलं एक जाकीट जावयाच्या अंगावर चढवायचं, आत्याने तिची जुनी खटारा गाडी काढायची आणि जावयाला अंगणभर फिरवून आणायचं. जळक्या केसांसारखा वास सुटतो. मग ती रापीने, म्हणजे चामडं कापायच्या रुंद सुरीने, ते जाकीट कोंबडी सोलावी तसं उभं फाडते आणि आत बघते. जिथे झिजलं तिथे पुढच्या वेळी जास्त जाड चामडं, जिथे ओरखडा नाही तिथे पातळ आणि मऊ. कारण वजनदार जाकीट माणसं विकत घेतात आणि खुंटीला टांगून ठेवतात. अशी वर्षानुवर्षं सुधारणा करत आत्याच्या जाकिटाची पाठ गेंड्याची झाली होती आणि बाह्या लोण्याच्या. गिऱ्हाईक बाहीवर हात फिरवूनच खुळावायचं.

ताईची, म्हणजे आत्याच्या मुलीची, पहिली शर्यत होती. ताई मोटरसायकलवरून पार्सलं पोचवते आणि गाडी अशी चालवते की पार्सलालाच घाम फुटावा. आत्याने तिच्यासाठी पांढरं जाकीट शिवलं होतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी ताई आरशासमोर ते घालून हात वरखाली करत होती आणि मी बाकावर बसून तिला "हंस, हंस" म्हणत होते, तेवढ्यात लंबू आला.

लंबू आमचं जुनं गिऱ्हाईक. दारातून वाकूनच येतो. या वेळी त्याचा डावा हात बँडेजमध्ये होता आणि उजव्या हातात हेल्मेट. नमस्कार नाही, काही नाही. त्याने हेल्मेट फिरवलं आणि सरळ आरशात घातलं. काचा ताईच्या पायावर आल्या.

"अरे, डोकं फिरलं का तुझं," आत्या म्हणाली.

"डोकं शाबूत आहे काकू. डोक्यावरचं दुसऱ्या दुकानातलं होतं." त्याने बगलेतलं जाकीट काउंटरवर आपटलं. "हे तुमचं."

ताईने त्याची कॉलर धरली. त्याने तिला ढकललं, ती जाकिटांच्या रांगेवर आदळली आणि उठता उठता तिने त्याच्या पोटात गुडघा घातला. तो वाकला. आत्याच्या हातात चामडं ठोकायचा लाकडी हातोडा होता. तो तिने टेबलावर इतक्या जोरात हाणला की दाभणं उडाली.

"पडलास कसा ते सांग."

"कुशीवर पडलो. कसा पडणार?"

"पाठीवर वळायचं. पडायचीसुद्धा एक रीत असते."

"बरं. पुढच्या वेळी रस्त्याला म्हणतो, बाबा रे, जरा थांब, काकूंनी वळायला सांगितलंय."

मला हसू आलं. आत्याने माझ्याकडे असं बघितलं की ते घशातच मेलं. मग लंबूने बँडेज सोडलं आणि कुणालाच हसू येईना. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी नव्हती. सोललेल्या टोमॅटोसारखा हात, आणि त्यात अजून रस्त्याचे काळे कण.

"पाठ मात्र एकदम झकास आहे," तो म्हणाला. "बायको कौतुक करते." आणि काचा तुडवत निघून गेला.

ताई रक्ताळलेला पाय धुवायला गेली. मी लंबूचं जाकीट उचललं. पाठ नव्यासारखी. डावी बाही जवळजवळ नव्हतीच, खांद्याची शिवण फाटून आ वासून बसलेली. मी ते घेऊन मागे गेले. जावई त्याच्या आकड्याला लटकत होता. मी त्याला रोज बघते, पण बघणं आणि बघणं यात फरक असतो. त्याच्या पाठीवर ठिगळ, ठिगळावर ठिगळ, त्यावर आणखी ठिगळ. सपाट झालेल्या त्या पाठीवर तो होडीसारखा सरळ घसरायचा. मी त्याला फिरवलं. कुशीला पहिल्या दिवशीची ताडपत्री होती, कारखान्याचा शिक्कासुद्धा वाचता येत होता. खांदे, कोपरं सगळं कोरं. इतकी वर्षं मार खाऊन जावई एकदाही कुशीवर पडला नव्हता.

मी धावत आत गेले. "आत्या, तू त्याला फक्त पाठीवरच मारतेस."

"मग काय त्याला विचारून मारू?"

"म्हणून बाह्या कधी फाटल्या नाहीत. त्या जमिनीला लागल्याच नाहीत गं. आणि तू त्या आणखी पातळ करत गेलीस."

"टिटवे, भाषण शाळेत. माझं जाकीट घालून आजवर एकाचीही पाठ गेलेली नाही."

"पाठी नाही गेल्या. हात गेले."

तिने माझ्या कानाखाली वाजवली. कान गुंईऽऽ करत राहिला आणि त्या आवाजातच मला कळलं की तिला पटलंय. न पटलेल्या गोष्टीसाठी आत्या हात उगारत नाही, नुसती हसते.

मग मी ताईकडे गेले. ती पायाला पट्टी बांधत होती.

"उद्या ते घालू नकोस. कुशीवर पडलीस तर लंबू होशील."

"माझी उंची वाढणार नाही आता."

"ताई, खरंच सांगते. तुझा हात जाईल."

"आईने शिवलंय ते माझ्यासाठी. तिच्या कामावर मी शंका घ्यायची, ती पण तुझ्या भाषणावर?" तिने पांढरं जाकीट शिलाई मशीनवर नीट पसरून ठेवलं आणि गाडीत पेट्रोल भरायला गेली.

वादविवादात बाईंनी एक शिकवलं होतं. समोरचा ऐकत नसेल तर पुरावा टेबलावर ठेवायचा.

मी जावयाला उतरवलं. जड मेला. त्याला ते पांढरं जाकीट घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. दोरी पायांना न बांधता उजव्या काखेतून घेतली, म्हणजे तो डाव्या कुशीवरच पडून राहील. मग आत्याची खटारा काढली. अंगणात मी तिच्यावर शिकलेच आहे. गियर टाकला आणि मूठ पिळली.

सुरुवातीला नुसतं खरखरलं. मग आवाज बदलला. मांजराची शेपटी दारात सापडावी तसा. मी मान वळवली तर पांढरी बाही काळी होत होती, मग ती नव्हतीच, मग खांद्याची शिवण टरटरत उघडली आणि जावयाच्या आतून रेतीचा फवारा उडाला. मागे गचका बसला. गाडी हलकी झाली. ब्रेक दाबून बघितलं तर अंगणभर रेतीची रेघ आणि रेघेच्या मध्ये एक अख्खा हात पडलेला, कोपरात दुमडून, हाक मारल्यासारखा.

आणि फाटकात ताई.

ती धावत आली, मला गाडीवरून खेचलं आणि हाणायला लागली. माझा ओठ फुटला. मी तिच्या केसांना लटकले. तिने माझं तोंड रेतीत दाबलं, मी तिच्या मनगटाला चावले, अगदी रक्ताची चव लागेपर्यंत. "उद्या शर्यत आहे माझी," ती दातओठ खात म्हणत होती, "उद्या आहे, कळतं का तुला," आणि दर शब्दाला एक गुद्दा. मी तोंडातली रेती थुंकत एकच सांगत होते, "हात बघ. आधी तो हात बघ."

आत्याने आम्हाला केसांना धरून वेगळं केलं. दोन हातात दोन मुंडकी. मग सोडलं आणि जाऊन तो तुटका हात उचलला. बाहीच्या भोकातून स्वतःची मूठ आरपार घातली, बोटं उघडली, मिटली.

"कुठवर आला होता?"

"अर्धं अंगण पण झालं नव्हतं," मी म्हणाले.

ती आत गेली. आम्ही दोघी मागोमाग. तिने रापी घेतली आणि दुकानात टांगलेलं पहिलं जाकीट ओढलं. खांद्यात सुरी खुपसली, बाही उपटली. दुसरं ओढलं. त्याची उपटली. लाल, काळी, तपकिरी, महिनोन्महिने बसून शिवलेली. ती कुणाला तरी मारत होती आणि तो कुणीतरी तीच होती, एवढं मलासुद्धा समजलं, आणि मी एकदाची गप्प बसले. रापी घसरून तिच्या अंगठ्यात गेली तेव्हा ताईने मागून तिला मिठी घातली.

"आई, पुरे."

"उद्या जाऊ नकोस."

"जाणार."

"काय घालून?"

मी शिलाईच्या खोलीत डोकावले. कोपऱ्यातल्या बंद मशीनवर धूळ बसू नये म्हणून एक तपकिरी फडकं कायम टाकलेलं असतं. त्या फडक्याला बाह्या होत्या.

"ते कधीचं आहे?" मी विचारलं.

आत्याने अंगठा तोंडात धरला होता. तो काढून म्हणाली, "माझं. मी चालवायचे तेव्हाचं. जावई यायच्या आधीचं."

मी ते ओढून काढलं. दरवाजा उचलल्यासारखं वाटलं. पाठ, खांदे, कोपर, सगळीकडे सारखंच जाड. खांद्याच्या शिवणीवर टाक्यांच्या तीन रांगा आणि वरून आणखी एक पट्टी. मी दोन्ही हातांनी बाही ताणली, पायाखाली धरून ताणली. टाका हलला नाही.

"हे घालून मी रेड्यासारखी दिसेन," ताई म्हणाली.

"रेड्याची कातडी शाबूत असते," मी म्हणाले.

ते तिला इतकं घट्ट झालं की चेन लावायला दोघींनी धरावं लागलं. हात वर जाईनात. आत्या म्हणाली, घट्टच हवं, सैल जाकीट रस्त्यावर घसरताना वर सरकतं आणि कोपराचं पॅड भलतीकडे जातं. मग तिने तेल चोळून कोपरं मऊ केली, आणि चोळताना ताईच्या मनगटावरचे माझे दात बघून म्हणाली, "टिटवी चावते पण वाटतं."

दुसऱ्या दिवशी मी आणि आत्या कठड्याला धरून उभ्या होतो. ताई वळणाला आली. आतल्या बाजूने हिरव्या हेल्मेटवाल्याने गाडी घुसवली, त्याचं पुढचं चाक तिच्या पायात गेलं आणि ती आडवी झाली. डाव्या कुशीवर. अंगणात ऐकला होता तोच आवाज, पण आता त्यात माणूस होतं. ती घसरत गेली, घसरतच राहिली, तिची गाडी तिच्यावरून कोलांटी खाऊन पुढे गेली आणि ती टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळली. आत्या कठड्यावरून कधी उडी मारून गेली ते मला दिसलंच नाही.

मी पोचले तेव्हा ताई उठून उभी होती. गळ्याजवळ कातडीखाली हाड तंबूच्या बांबूसारखं वर आलेलं. एक हातमोजा फाटून तळवा सोललेला. हिरवा हेल्मेटवाला विचारपूस करायला आला तर तिने चांगल्या हाताने त्याच्या हेल्मेटवर असा गुद्दा मारला की तो बसला आणि ती स्वतःच कळवळली. मग तीही बसली, आणि ओरडायला लागली ते अँब्युलन्स येईपर्यंत.

आत्याने आधी शिवण पाहिली, मग मुलगी. बाही खांद्यापासून कोपरापर्यंत घासून राखाडी झाली होती, पार आतल्या अस्तरापर्यंत पोचायच्या बेतात. पण टाके जागेवर होते. डॉक्टरांनी बाही कापली तर आत ताईचा हात होता. निळा, सुजलेला, अख्खा. आत्याने तो असा धरला की ताई म्हणाली, "आई, गळ्याचं हाड मोडलंय, हा तरी मोडू नकोस."

ताई घरी आल्यावर आत्याने लंबूला बोलावलं. तो फाटकातच थांबला. त्याची नजर तिच्या हातातल्या हातोड्यावर होती.

"झोप," आत्या म्हणाली.

"कुठे?"

"खाली. पडलास तसा झोप."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी खडू घेऊन तयार होते. मग तो काँक्रीटवर आडवा झाला, बँडेजमधला डावा हात जपत अंगाखाली घेऊन, एक पाय वाकडा. "असा नाही रे," ताई गळ्यातली झोळी सांभाळत म्हणाली, "खांदा आधी लागतो." "तुझा लागला असेल, माझं कोपर लागलं." "अरे, मी परवाच पडलेय, मला सांगतोस?" ती त्याच्या शेजारी झोपली आणि दोघं जमिनीवर पडल्या पडल्या भांडत राहिले. आत्या त्यांच्याभोवती फिरत होती आणि मी कुठे काय टेकतं तिथे तिथे खुणा करत होते.

मग तिने जावयाला उतरवलं. त्याला नवा हात शिवला होता. खुणांबरहुकूम त्याला कुशीवर झोपवलं, दोरी काखेतून घेतली, गाठ स्वतः ओढून पाहिली. अंगावर नवं जाकीट होतं, जाड बाह्यांचं. तिने किल्ली माझ्याकडे फेकली.

"भाषण पुरे. चालव."

"किती जोरात?"

ताईने जमिनीवरूनच मान वर केली. "त्या हिरव्यासारखी."

मी मूठ पिळली.