पाचव्या खांबावरची पेटी

कबरी सजवायचा रविवार चार दिवसांवर आला, तेव्हा रँडल पिटमन हातात पाना घेऊन चर्चच्या दफनभूमीत हजर झाला. दफनभूमीच्या समितीचा अध्यक्ष होऊन जेमतेम महिना, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! कुंपणावर मी लावलेल्या पक्ष्यांच्या लाकडी पेट्या त्याला उतरवायच्या होत्या. कारण काय, तर पेटीतल्या निळ्या पक्ष्यांपैकी एक नर त्याच्या आईच्या कबरीवरच्या चकचकीत काळ्या दगडात स्वतःलाच बघून भांडतो आणि दगडावर घाण करतो.

"दगडावर पोतं टाक की," मी म्हणाले. "नाहीतर मी पुसते रोज. पण पाचव्या खांबावरच्या पेटीला हात लावायचा नाही. आत पंधरा दिवसांची पिल्लं आहेत."

मी समोरच खुर्ची टाकून, कॅमेरा लावून बसले होते.

"आवाज तर नाही काही, व्हर्लीनबाई. उघडून बघू. रिकामी असली तर वाद मिटला."

"खबरदार! तेराव्या दिवसानंतर झाकण उघडलं की पिल्लं घाबरून उड्या टाकतात. त्यांना उडता येत नसतं रे."

तेवढ्यात नर आत शिरला आणि चोचीत एक पांढरी पुरचुंडी घेऊन बाहेर आला. मी फोटो काढून रँडलच्या नाकासमोर धरला.

"बाप पोरांची शी बाहेर टाकतोय. रिकाम्या घरात कोण झाडू मारतं?"

रँडल हसला. "मग मागच्या वर्षी तुम्हीच कशी उघडलीत पेटी? चर्चच्या सभागृहात टांगलाय की फोटो. चार पिल्लं, चोची वासलेली. जत्रेतल्या फोटोंच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस!"

त्या फोटोनंतर काय झालं, हे वर्षभर मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

"सोळावा दिवस होता," मी म्हणाले. "मला ठाऊक होतं, तरी उघडली. फोटो हवा होता. चारही गवतात पडली. मी रांगत रांगत शोधली, आत ठेवली, ती पुन्हा पडली. संध्याकाळपर्यंत मांजरानं एकही ठेवलं नाही."

"आणि वर तोंड करून मला शिकवताय?"

"हो, शिकवतेय! ती चार मी मारली. ही तुला मारू देणार नाही. आधी मला खुर्चीसकट उचल, मग पेटीला हात लाव."

त्यानं पाना खिशात घातला. "सोमवारी येतो," म्हणाला. मी म्हटलं, ये, मी इथंच आहे.

रविवारी सगळं गाव फुलं आणि तळलेल्या कोंबडीचे डबे घेऊन आलं. सभागृह भरल्यावर मी भिंतीवरचा फोटो उतरवला, बक्षिसाची निळी फीत काढून टाकली आणि चार पिल्लांचं काय झालं ते सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं.

"अगं, आज कशाला हे?" माझी बहीण ओपल कुजबुजली.

"आजच. मेलेल्यांची आठवण काढायचा दिवस आहे ना?"

फोटो काखेत मारून मी परत खुर्चीवर जाऊन बसले. पेटीत अजून दोन पिल्लं उडायची होती.