यमुताईंच्या खिडकीतला कुलर

मित्रांनो, गच्चीवर पाण्याच्या टाकीआड एक गंजका पत्र्याचा डबा दिसतो ना, तो मी. जुना कुलर. माझ्या पोटात सध्या कबुतरं राहतात. त्यांना साहित्यात रस नाही.

माझा जन्म इतवारीच्या बाजारातल्या एका दुकानात. ऊन तापू लागलं होतं, गिऱ्हाईक दारात उभं होतं. त्या घाईत माझ्या पंख्याचा एक नट ढिला राहिला. पुढे माझं जे काही नाव झालं, ते त्या नटामुळे.

गिऱ्हाईक म्हणजे यमुताई. मुलांसाठी गोष्टी लिहायच्या. आळशी राक्षस, रागीट भेंडी असे त्यांचे नायक. लिहिलेलं मोठ्यानं वाचून बघायची त्यांना सवय. पण ऐकणार कोण? मुलगा सुमंत मोठा होऊन हिंगण्याच्या कारखान्यात लागला होता. उरलो मी, टेबलाशेजारच्या खिडकीत.

एकदा गोष्टीतला राक्षस मुलांना उपदेश करू लागला आणि नेमका मी खडखडलो. यमुताई थांबल्या.

"काहून गा? बोर झालं?"

त्यांनी ते वाक्य खोडलं. तेव्हापासून रीतच पडली. मी खडखडलो की वाक्य गेलं. खरं म्हणजे विजेचा दाब वरखाली झाला की मी खडखडायचो. गोष्टीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण पुस्तकं गाजू लागली. एका समारंभात पाहुणे म्हणाले म्हणे, "ताईंच्या गोष्टीत एक शब्द फालतू नसतो." श्रेय विजेचं होतं.

मग ताई थकल्या. घर चुकलेल्या कासवाची एक गोष्ट पुरी करायची आणि थांबायचं, असं त्यांनी ठरवलं. पण शेवट काही जमेना. त्याच उन्हाळ्यात सुमंत पाना घेऊन आला.

"आई, हा कुलर डोकं खाऊन राहिला तुझं. थांब." त्यानं नट आवळला.

"बाप्पा! किती शांत वाटून राहिलं!" सूनबाई मुग्धा म्हणाली.

खडखड हीच आपली परीक्षक आहे, हे ताई कारखान्यातल्या मुलाला कसं सांगणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवट वाचला. "कसा वाटला गा?" मी वारा घातला. त्यांनी दुसरा शेवट वाचला. मी वारा घातला. "सांग ना रे बाबा." मी जिवाच्या आकांतानं पंखा फिरवला. ताईंना थंडी वाजली. त्यांनी शाल ओढून घेतली.

सुमंत दाराशी मोबाइल बघत उभा होता.

"सुमंता, शेवट ऐकतोस?"

"हो, वाच ना."

त्यांनी सुरुवात केली. "छान आहे, आई," तो मान वर न करता म्हणाला. कासव अजून घराच्या गल्लीतही पोचलं नव्हतं.

ताईंनी पेनला टोपण लावलं. ते पुन्हा निघालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या नव्हत्या. खोलीत एसी आला, मी वर आलो.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असं मी सांगायला हवं. माझी तर राखली गेली, तक्रार नाही. पण घरातल्या कोणी तुम्हाला काही वाचून दाखवलं, तर मोबाइल खाली ठेवा. शेवटपर्यंत ऐका. आवडलं नाही तर तोंडावर सांगा, हसा, भांडा. नुसतं 'छान' म्हणू नका. वाचणारं माणूस तुमच्या तोंडाकडे बघत असतं.