बायपासचं बटण

ताईच्या फिरत्या घरात विजेचं संरक्षण बसवायचं काम धाकट्याकडे आलं, यात कुणालाच नवल वाटलं नाही. पंचवीस वर्षं वायरमन म्हणून काढलेला तिचा भाऊ. दुसऱ्याच्या घरात एक वायर लोंबताना दिसली, तरी घरमालकाची खरडपट्टी काढणारा. "अर्थिंग नाही? मग झोप लागते कशी हो तुम्हाला?" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

ताई-दाजींनी निवृत्तीनंतर ही गाडी घेतली. पलंग, ओटा, जुना गीझर, सगळं चाकांवर. बाहेरची केबल आत शिरते तिथे धाकट्याने पेटी बसवली. व्होल्टेज उसळलं किंवा अर्थिंग नसलं, की ती वीज आत सोडायची नाही. काम इतकं नेटकं, की ताई येणाऱ्याजाणाऱ्याला झाकण उघडून दाखवायची. "आमच्या धाकट्याचं काम!"

पहिल्या मुक्कामाला तोही सोबत गेला. गाड्यांच्या तळावरच्या विजेच्या खांबाला त्याने केबल जोडली आणि पेटीवर लाल दिवा लागला. खांबाला अर्थिंग नव्हतं. इकडे शेजारच्या गाडीतली मंडळी चहाला येऊन बसलेली, दाजी रिकामा कप घेऊन उभे.

"काय इंजिनिअर, पेटी रुसली वाटतं तुमची?" दाजी म्हणाले. सगळे हसले.

खांब उघडून बघायला दहा मिनिटं पुरली असती. पण धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "नवी मशीनं जरा जास्तच शहाणी असतात," असं म्हणत त्याने पेटीला वगळून वीज थेट आत सोडणारं बायपासचं बटण दाबलं. गाडीत वीज आली. विजेची किटली सूं सूं करू लागली आणि शेजाऱ्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

तेवढ्यात ताई नळावर पाय धुऊन अनवाणीच आली. गवतात उभं राहून तिने दाराची लोखंडी मूठ धरली, किंचाळली आणि मागे कोसळली.

धाकट्याने धावत जाऊन खांबाची केबल उपटली. ताई गवतात बसली होती, कोपर खरचटलेलं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "ओल्या पायांनी आले ना. तू बसवलंयस म्हटल्यावर गाडीत काय बिघाड असणार?"

मंडळींनी माना डोलावल्या. धाकट्यानेही गप्प बसायचं ठरवलं होतं. खोटं कशाला सांगायचं, क्षणभर त्याला सुटल्यासारखं वाटलं. आणि त्या वाटण्याचीच त्याला इतकी लाज वाटली की कान तापले.

"ताई, तुझं नाही चुकलं. पेटी नको म्हणत होती. दाजी हसले म्हणून मी तिला बाजूला सारलं."

दाजींनी कप खाली ठेवला.

तळाचा माणूस आला. खांबातली अर्थची तार सुटून पडली होती, ती दोघांनी मिळून जोडली. जुन्या गीझरमधून वीज गाडीच्या पत्र्यात उतरत होती, त्याची वायर धाकट्याने काढून टाकली. बायपास बंद केला, केबल पुन्हा जोडली, मीटर लावून दोनदा तपासलं. दिवा हिरवा झाला.

"ये आता, ताई."

ती दारापर्यंत आली. हात पुढे केला आणि मागे घेतला.

"आधी तू धर," ती म्हणाली. मग त्याच्या पायांकडे बघून, अगदी हळू, "बूट काढून."

धाकटा नाड्या सोडायला खाली बसला. वर बघायची त्याची हिंमत झाली नाही.