मी तापमान घडवतो

मित्रांनो, मी एक जुना कन्स्ट्रक्टर आहे. दचकू नका, मी इमारती बांधत नाही. संगणकाच्या प्रोग्राममध्ये वस्तूंचे साचे असतात. त्या साच्यातून प्रत्यक्ष वस्तू घडवणारा कारागीर तो मी. माझ्या साच्याचे नाव ‘तापमान’. आमच्यात कारागिराला वेगळे नाव ठेवत नाहीत, म्हणून माझेही नाव ‘तापमान’च.

माझा जन्म एका अंडी उबवणी केंद्रात झाला. केंद्र मावशींचे. मला लिहिले त्यांच्या भाचीने, एका हाताने टेबलावरची पिल्ले बाजूला सारत. अंडी उबवायच्या पेटीतून आकडा यायचा, मी तो फॅरनहाइट धरून तापमान घडवायचो आणि ते पाहून हीटर चालू-बंद व्हायचा. चार वर्षे कोणी माझे कौतुक केले नाही, पण शिव्याही दिल्या नाहीत. आमच्या धंद्यात यालाच कौतुक म्हणतात.

मग जुन्या पेटीशेजारी नवी आली. तिचे आकडे सेल्सिअसमध्ये. भाचीने तार जोडली, मावशींनी वर्षातली सगळ्यात मोठी खेप, तीनशे अंडी, आत ठेवली. पेटी तापत तापत साडेसदतीसवर आली. इथे हीटर थांबायला हवा होता. पण माझ्या हातात नुसता आकडा पडतो, तो कुठल्या घरचा ते कळत नाही. मी नेहमीप्रमाणे फॅरनहाइट धरले, म्हणजे जवळजवळ बर्फ! हीटरला दया आली आणि तो जीव तोडून तापत राहिला.

मावशींचा स्क्रीनवर विश्वास नाही. त्या दर तासाला एक अंडे मिटलेल्या पापणीवर टेकवून ऊब पाहतात. त्या दिवशी टेकवले आणि ओरडल्याच.

“अगं ए शहाणे! अंडी उबवायचीत की उकडायचीत?”

“मावशी, स्क्रीनवर तर थंड दाखवतंय.”

“मग स्क्रीनलाच बसव अंड्यांवर! आधी बटण बंद कर!”

दोघींनी झाकण उघडून वहीने वारा घातला. मग भाची माझ्याकडे वळली. मला वाटले, आता ही मला पुसणार.

तिने पुसले नाही. माझ्यावर ‘प्रायव्हेट’ अशी पाटी लावली, म्हणजे बाहेरच्या कोणी मला थेट हाक मारायची नाही, आणि बाहेर मागणी घ्यायला दोन फॅक्टरी मेथड बसवल्या. फॅक्टरी म्हटल्यावर मला धुराडे नि भोंगा दिसला. आल्या दोन-दोन ओळींच्या दोघी बहिणी. एक ‘सेल्सिअसवरून’, दुसरी ‘फॅरनहाइटवरून’. आता प्रत्येक पेटीला आपला आकडा नावानिशी योग्य बहिणीकडेच द्यावा लागतो. थोरली तर अशी चतुर, की तेच तापमान पुन्हा मागितले तर मला न उठवता आधी घडवलेलेच काढून देते. सुरुवातीला मी रुसलो. पण नवे काही घडवायचे म्हटले की दोघींना माझ्याकडेच यावे लागते, आणि आकडा कसा पारखून, बदलून हातात देतात! म्हातारपणी एवढे सुख पुरे.

एकविसाव्या दिवशी पेटीत टकटक सुरू झाली. दोनशे सत्त्याऐंशी पिल्ले निघाली.

“तेरा गेली,” भाची पुटपुटली.

“एरवीही तेवढी जातातच. तुझी काही चूक नाही,” मावशी म्हणाल्या. मग जरा थांबून, “थोडी आहे.”

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांना पुसून टाकू नका, पण आकडा देताना तो कशाचा आहे तेही सांगत जा. आम्हाला शंका विचारता येत नाही. तुम्ही द्याल ते खरे मानून आम्ही कामाला लागतो, आणि तिकडे पेटीत अंडी असतात.