निघणाऱ्याचा वाडगा

निळा ससा. पळता पळता मागे वळून पाहणारा. एका कानावरची निळाई भट्टीत पुसट झालेली.

संध्याकाळी आठ चाळीसचं विमान, फ्रांकफुर्टहून. खिडकीजवळची एकच जागा. दोन वाजेपर्यंत.

भाताच्या त्रिकोणी गोळ्याचं वेष्टन आधी एक, मग दोन, मग तीन अशा क्रमानं सोलायचं असतं. आकडे छापलेलेच असतात.

फोनच्या पडद्यावर एक कान.

लाल-पांढरी दोरी. कितीदाही सोडावी आणि पुन्हा बांधावी अशी गाठ.

चिझुरुनं सशाचा वाडगा फळीवर होता तिथेच ठेवला. तसाच नव्हता तो, नाहीच — तिच्या लहानपणच्या वाडग्यावर दोन ससे होते, एकामागे एक, आणि आतल्या बाजूला, भात संपत आला की दिसायचा असा, चंद्र. हा कुणीतरी दुसऱ्या गावात दुसऱ्या हातानं काढलेला ससा होता, आणि तरी तिचा अंगठा त्याच्या कडेवरून आपोआप फिरला होता, सकाळी जेवायला बसल्यावर फिरायचा तसा, बाबा समोर पेपर धरून, आई मागे चुलीशी... दुकानात वाडग्यांच्या दोन भिंती होत्या आणि मधल्या अरुंद वाटेत तिच्या दोन मुली.

"तू पुन्हा फाडलंस," हाना म्हणाली. हाना दहा वर्षांची. "त्यावर लिहिलंय एक. म्हणजे एक पहिल्यांदा. शाळेत जातेस ना?"

"मला तीन आवडतो," सहा वर्षांची रिका म्हणाली. तिच्या हातात भाताच्या गोळ्याचे दोन तुकडे आणि शेवाळाच्या पापुद्र्याच्या चिंध्या होत्या.

"दुकानात खायचं नसतं."

"मी खात नाहीये. मी धरून ठेवलंय."

दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी त्या तिघी जपानी दुकानांच्या इमरमान रस्त्यावर येत. आधी किराणा — मिसो, पिवळ्या मुळ्याचं लोणचं, तांदळाची पाच किलोची पिशवी जी हाना आणि चिझुरु आळीपाळीनं उचलत. मग ओगाताबाईंचं भांड्यांचं दुकान, जिथे काही घ्यायचं नसे, फक्त पाहायचं असे. मग बेकरीतले गोड पुरणाचे पाव. आजही तसंच. आज तसंच व्हायला हवं, असं तिनं सकाळी उठल्या उठल्या ठरवलं होतं, नव्हे, गुरुवारी रात्रीच ठरवलं होतं, दादाचा फोन ठेवल्यावर, आणि नवरा — हेनिंग — दारात उभा राहून म्हणाला होता, मी मुलींना बघतो, तू जा. आणि ती म्हणाली होती, जागा नाहीये. दादालाही तेच सांगितलं होतं. विमानात जागा नाहीये रे. दादा म्हणाला होता, जमलं तर ये, नाहीतर आम्ही करतो. तो कधीच रागावत नाही. सोमवारी सकाळी दहाला बाबांना नेणार होते.

जागा होती. हेनिंगनं शोधली, आणि दोन वाजेपर्यंत धरून ठेवली, आणि तिला काही न विचारता पहाटे कामावर निघून गेला. मुलींना तिनं अजून सांगितलेलं नव्हतं.

"आई, हा." हाना पुढच्या फळीपाशी उभी होती. तिच्या ओंजळीत राखी रंगाचा वाडगा होता, जड, आतून काळपट. "हा आजोबांसाठी."

चिझुरुनं तांदळाची पिशवी पायाशी ठेवली.

"ते मागच्या रविवारी प्लास्टिकच्या डब्यातून जेवत होते. मी पाहिलं. झाकणात लोणचं होतं."

"तुला कसं दिसलं? त्यांचा तर कानच दिसतो," रिका म्हणाली.

हे खरं होतं. नीगाताच्या घरात एकट्या राहणाऱ्या बाबांना सोळा वर्षांत एवढंच पटलेलं नव्हतं की चित्र दिसणारा फोन कानाला लावायचा नसतो. दर रविवारी सकाळी पडद्यावर एक मोठा, केसाळ, लालसर कान येई आणि त्या कानातून जणू आवाज येई — जेवलात का. मुली त्यांना कान-आजोबा म्हणत. मागच्या रविवारी मात्र त्यांनी फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता, विसरून असेल, आणि मिनिटभर ते सगळेच्या सगळे दिसले होते: मान खाली घालून जेवणारा एक म्हातारा माणूस. ती तेव्हा कांदा चिरत होती. पाहीन नंतर, म्हटलं.

"माझ्या पैशांनी घेते," हाना म्हणाली. "तू फक्त पाठवायचंस."

नको म्हणायला कारण लागतं. कारण म्हणून एकच गोष्ट होती, आणि ती या वाटेत, या दोन भिंतींमध्ये, तांदळाची पिशवी पायाशी ठेवून सांगता येण्यासारखी नव्हती... म्हणून ती म्हणाली, "घे."

ओगाताबाई सत्तरीच्या पुढच्या. वाडगा हातात घेऊन त्यांनी बोटाच्या नखानं एकदा वाजवला, तडा नाही ना पाहायला, आणि तो आवाज, तो एवढासा टणत्कार...

...गाडी सुरू झालेली, मागची काच वर, हेनिंगचा हात तिच्या हातावर. नवरीनं मागे पाहायचं नसतं, म्हणून ती पुढे, ड्रायव्हरच्या टोपीकडे पाहत होती. आणि मागून आवाज आला. उंबरठ्याच्या दगडावर चिनीमाती फुटल्याचा. त्यांच्या गावात घरातून कुणी कायमचं निघालं की त्याचा भाताचा वाडगा फोडतात, आता इथे परतून जेवायला येऊ नये म्हणून. प्रेत निघताना फोडतात. नवरी निघतानाही फोडत, पण ते आजीच्या वेळी. तिच्या वर्गातल्या एकीचाही फोडला नव्हता. बाबांनी फोडला. ज्या माणसानं लग्नाला होय म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं, जो जावयाशी तीन दिवसांत फक्त हवेविषयी बोलला होता, त्यानं आत जाऊन वाडगा आणला आणि फोडला. नवरीचा की मेलेलीचा? दोन्हींचा आवाज एकच असतो. सोळा वर्षांत तिनं विचारलं नाही, आणि विचारायचा माणूस आता...

"कुणासाठी, हाना?" ओगाताबाई विचारत होत्या.

"आजोबांसाठी. नीगाताला पाठवायचाय."

"अरे वा. वाढदिवस?"

"नाही. असंच. त्यांच्याकडे वाडगा नाहीये."

"अस्संच दिलेलं सगळ्यात चांगलं. माझ्या नातवानं मला काय दिलं सांगू? घोरण्यावरचं औषध." त्यांनी लाल ठिपक्यांचा कागद पसरला, वाडगा मधे ठेवला, घड्या घातल्या, आणि खणातून लाल-पांढरी दोरी काढली. आनंदाची दोरी. चिझुरु पाहत राहिली. दोरी पुडक्याखालून गेली, वर आली, ओगाताबाईंची म्हातारी बोटं एका फासात दुसरा फास ओवायला लागली, आणि तिला सोमवारची सकाळ दिसली, नीगाताचा उंबरठा, दादा, वहिनी, दोन-तीन शेजारी काळ्या कपड्यांत, आणि पांढऱ्या फुलांशेजारी हे पुडकं, नातीकडून, लाल-पांढरी गाठ घालून. अशी चूक आमच्यातल्या शेंबड्या पोराकडूनही होत नाही.

"दोरी नको," ती म्हणाली.

ओगाताबाईंची बोटं थांबली. "साधी? सोनेरी आहे, ती..."

"कुठलीच नको. कागदही पांढरा असला तर."

म्हातारीनं वर पाहिलं. दोरी खणात ठेवली, लाल कागद उलगडून बाजूला केला, पांढऱ्या कागदाची एकच घडी, डावी-उजवी उलटी करून, दुखवट्यात घालतात तशी, घातली. मग गल्ल्यामागून बाहेर आली, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि कमरेतून वाकली, गिऱ्हाइकापुढे वाकतात त्याहून खूप खाली, आणि तशीच राहिली.

"कधी?"

"गुरुवारी."

"फार वाईट झालं."

चिझुरुही वाकली. वाकल्यावर तिला आपल्या बुटांशेजारी हानाचे बूट दिसले, एकाची नाडी सुटलेली. आणि ते बूट अजिबात हलत नव्हते.

बाहेर बेकरीच्या बाकावर तिघी बसल्या. रस्त्यापलीकडच्या झाडात पोपटांचा थवा कलकलत होता. रिका पुरणाचा पाव मधोमध फोडून पुरण कुठपर्यंत आहे ते तपासत होती. हाना पुडकं मांडीवर धरून बसली होती. पाव तिनं घेतला नव्हता.

"गुरुवारी मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "तू बाथरूममध्ये होतीस. मी म्हटलं, रडतेस का. तू म्हणालीस, सर्दी."

"हो."

"आजोबा मेले ना?"

"हो."

"कुठले?" रिकानं विचारलं. "कान-आजोबा?"

"तुला दुसरे आजोबा आहेत का, वेडे? बाबांचे बाबा, ओपा, तर काल घरी आले होते," हाना म्हणाली, आणि मग तिचा आवाज बारीक झाला. "मला वाडगा घेऊ दिलास. मला घेऊ दिलास आणि काही बोलली नाहीस."

चिझुरुनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो झटकला गेला नाही, पण स्वीकारलाही गेला नाही, नुसता तिथे राहिला. मग ती बोलायला लागली, मुलींकडे न पाहता, समोरच्या ट्रामच्या रुळांकडे पाहत, आणि बोलता बोलता हे आपण कुणालाच, हेनिंगलाही, सांगितलेलं नाही हे तिच्या लक्षात आलं. उंबरठा, गाडी, आवाज. सोमवारी आजोबांचाही फोडतील, ती म्हणाली, ते निघताना. दादा परवा फोनवर तेच विचारत होता, त्यांचा कुठला म्हणून. कपाटात इतके आहेत.

"पण तू मेली नव्हतीस," रिका म्हणाली.

"नाही. नवरी होते."

"मग कशाला फोडला?"

"परत येऊ नये म्हणून."

"मग तू गेलीच नाहीस?"

"दोनदा गेले. आजी वारली तेव्हा. आणि हानाला दाखवायला."

"मग जेवलीस कशात?"

"पाहुण्यांच्या वाडग्यात." बाबांनीच काढून दिला होता, दोन्ही वेळा, वरच्या फळीवरचा, सोनेरी कडेचा. कपाटाचं दार त्यांनी अर्धंच उघडलं होतं, हात आत घालून. घे, एवढंच म्हणाले होते. किती भात घालू, असंही कदाचित.

"तू पाहिलास का फोडताना?" हानानं विचारलं. ती आता आईकडे पाहत होती, रागानंच, पण पाहत होती.

"नवरीनं मागे पाहायचं नसतं. ऐकला."

"कसा होता तुझा?" रिकाच्या हनुवटीला पुरण लागलं होतं.

"सशांचा. दोन ससे. आणि आत..."

तिनं रिकाची हनुवटी पुसली.

फोन थरथरला. हेनिंग. पावणेदोन वाजलेत. मी काहीही म्हणत नाही, फक्त सांग, सोडू की ठेवू. तिनं निरोप वाचला आणि फोन हातातच ठेवला. पोपट एकदम उठले आणि स्टेशनच्या दिशेनं गेले. सोळा वर्षं एक आवाज कानात घेऊन ती या शहरात राहिली होती, तो बरोबर घेऊनच घरं बदलली होती, रविवारी ठरल्या वेळी फोन लावला होता आणि ठरल्या वेळी ठेवला होता, आणि आता तोच आवाज पुन्हा ऐकायला गेली तर तो नुसता मातीचा होता, कुठल्याही मातीचा. त्यात ससे नव्हते.

"आत काय, आई?"

हानानं पांढरं पुडकं उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. ते अपेक्षेपेक्षा जड होतं.

गुरुवारी फोनवर दादानं कपाटातले वाडगे एकेक करून सांगितले होते: एक काळा, दोन सोनेरी कडेचे, आणि मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सशांचा एक, लहान, अख्खा.