अडवणारा साचा

हो, मीच तो साचा, ज्याच्या नावानं अख्खं ऑफिस बोटं मोडतं! विटांचा नव्हे हो, प्रोग्राममधला. रुग्णाच्या उशाशी औषध सोडणारा पंप असतो ना, त्याच्या प्रोग्रामात मी राहतो. आकडा चुकीच्या मापात आला, की प्रोग्राम तयार होतानाच मी आडवा पडतो. चूक पंपापर्यंत पोचूच देत नाही.

मला घडवलं टीममधल्या ताईंनी. सगळे त्यांना ताईच म्हणतात. हौसेपोटी त्यांनी माझ्यावर काय काय लादलं! औषधाचं वजन तपास, तारखा तपास, पडद्यावरची अक्षरंसुद्धा तपास. मी फुगलो. प्रोग्राम तयार होईस्तोवर लोक जेवून यायचे. आणि चूक सापडली, की मी पानंच्या पानं ओकायचो. ती वाचताना सगळ्यांच्या नाकी नऊ यायचे.

"साचा आहे की सासूबाई?" टीमचे प्रमुख, आमचे दादा, एकदा भडकले. "काढून टाका याला. चाचणीत पकडू चुका."

"चाचणी आपल्याला सुचतं तेवढंच बघते, दादा," ताई म्हणाल्या.

"आणि याला कंटाळून माणसं पळवाटा काढतात, त्याचं काय?"

तेही खरंच होतं. माझी कटकट नको म्हणून लोक माप पुसून नुसता आकडा पुढे ढकलायचे. नुसत्या आकड्याला मी काय विचारणार, कपाळ! माझा जीव तुटायचा. उशाशी पंप लावून निजलेल्याला यातलं काय माहीत?

ताई मात्र इरेला पेटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्यांनी मला कापायलाच घेतलं. तारखा गेल्या, अक्षरं गेली. ती तपासणी प्रोग्राम चालताना होईल म्हणाल्या. फार दुखलं मला. औषधाच्या वजनापाशी त्यांचा हात थांबला.

"हे नाही सोडायचं."

नुसत्या आकड्याची पळवाट त्यांनी बुजवली; मापाशिवाय आकडा आला, की तोही मी अडवायचा. माझ्या तोंडी पानांऐवजी एकच ओळ घातली.

दुपारी दादांनी घाईघाईत डोस लिहिला आणि बटण दाबलं. खुर्ची सरकवून उठणार, तोच मी अडवलं.

"थांबा. इथे मायक्रोग्रॅम हवेत, तुम्ही मिलिग्रॅम दिलेत."

हजारपट डोस! दादांनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली आणि माप दुरुस्त केलं.

"ताई," मग ते म्हणाले, "राहू दे याला."

तर मी राहिलो. अंगानं रोडावलोय, हट्ट मात्र तोच आहे. मला पुन्हा फुगवू नका, चुकवूही नका. चिडायचं तर खुशाल चिडा. पण पंपाला लागलेलं माणूस तुमच्या घरचं आहे असं समजून, आधी माझी ती ओळ वाचा.